टेक्सस घराण्याचे चीफ परुळेकर

चीफ परुळेकरांच्या घरी गेल्यावर आधी पाणी मिळत नाही. आधी स्क्रूड्रायव्हर मिळतो.

चपला दाराबाहेर काढायच्या, आत यायचं आणि हात पुढे करायचा. चीफ तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघतात, भिंतीवर ओळीनं टांगलेल्या स्क्रूड्रायव्हरांतून तुमच्या प्रकृतीला मानवेल असा एक निवडतात आणि हातात देतात. लाकडी मूठ, हातभर लांबी. त्याचं टोक लाउडस्पीकरच्या खोक्यावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे.

"कानानं काय, कोणीही आयकता," चीफ सांगतात. "हाडानं ऐका."

ही जहाजावरची रीत. इंजिन-रूमच्या गदारोळात एखादं बेअरिंग कुरकुरायला लागलं, तर नुसत्या कानाला पत्ता लागत नाही. मग स्क्रूड्रायव्हर यंत्राला टेकवायचा, मुठीला कान लावायचा, आणि आतली तक्रार नीट ऐकून घ्यायची. चीफनी जन्मभर अशा तक्रारी ऐकल्या. निवृत्त झाल्यावर सिंगापुरात चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये तक्रार करणारं यंत्र उरलं नाही, तेव्हा त्यांनी तीच रीत संगीताला लावली. एअरकंडिशनर धुवायला आलेला एक तमिळ माणूस त्यांच्या स्पीकरला स्क्रूड्रायव्हर लावून बराच वेळ ध्यानस्थ बसलेला मी स्वतः पाहिला आहे. बिचाऱ्याला वाटलं, याचीही सर्व्हिसिंग करायची आहे.

संगीत म्हणजे एकच रेकॉर्ड. दुसरी त्यांच्याकडे नाही आणि नकोही आहे. टेक्ससमधल्या एका ब्लूज गिटारवाल्याच्या मैफलीचं हे ध्वनिमुद्रण. मैफल चालू असताना केलेलं, म्हणून त्यात गाण्याइतकेच ग्लासांचे, खुर्च्यांचे आणि माणसांचे आवाज आहेत. चीफ त्या गिटारवाल्याला नावानं संबोधत नाहीत. 'बुवा' म्हणतात. ते मूळचे मालवणकडचे. त्यांच्या लेखी जगात गाणारा कोणीही असो, तो भजनी बुवाच. बुवांचा ड्रमर हा पखवाजवाला. गिटार आणि ऑर्गन यांची जुगलबंदी लागली की ती डबलबारी. मधूनच ओरडणारे श्रोते म्हणजे कोरस.

"पण चीफ, हे लोक बिअर पितायत," श्रीकांत त्यांना मुद्दाम डिवचायचा.

"मग? आमच्या गावातले कोरसवाले काय तीर्थ घेऊन बसत?"

श्रीकांत म्हणजे माझा नवरा. चीफच्या हाताखाली तो सेकंड इंजिनिअर होता. पुढे तो स्वतः चीफ झाला, मग जहाज सोडून हार्बरफ्रंटच्या एका ऑफिसात बसू लागला, त्याचे केस पांढरे झाले. पण परुळेकरांसाठी तो शेवटपर्यंत 'सेकंड'च राहिला. त्यांच्या मते जगात चीफ एकच असतो आणि ती जागा भरलेली होती. आम्ही त्यांच्याच ब्लॉकमध्ये फ्लॅट घेतला तेव्हा त्यांनी आमचं स्वागत एका वाक्यात केलं: "बरं झालं सेकंड, रविवारचा वॉच आता तुझा."

वॉच म्हणजे पाळी. बुवांची मैफल दर रविवारी दुपारी होते, आणि चीफचा उजवा कान इंजिनांनी केव्हाच खाल्लेला, डावाही निम्मा. आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नसे, शेजाऱ्यांना मात्र फार कळे. म्हणून आवाजाच्या बटणाशी एक धड कानाचा माणूस बसवलेला असे. दाराची बेल वाजली की त्यानं आवाज ताबडतोब पूर्ण बंद करायचा, कारण बेल म्हणजे तक्रार. तक्रार निवारून माणूस गेला की पुन्हा वाढवायचा. असा नियम.

पहिली तक्रार खालच्या मजल्यावरच्या लिम आंटींची. "अंकल, व्हाय सो लाउड? माय होल सीलिंग शेकिंग लाह!" चीफनी त्यांना आत घेतलं, कोकम सरबत दिलं, मग अर्थातच स्क्रूड्रायव्हर दिला. आंटी संशयानं तो खोक्याला टेकवून बसल्या. एक संथ गाणं चालू होतं. ते संपेपर्यंत बसल्या, स्क्रूड्रायव्हर परत दिला आणि म्हणाल्या, "दिस वन व्हेरी सॅड. नेक्स्ट टाइम यू टेल मी फर्स्ट." तेव्हापासून त्या वेळेवर येतात. तक्रारही करतात. चीफना त्यांच्याबद्दल फार आदर. "तक्रार करते म्हणजे नीट ऐकते," म्हणतात.

ही रेकॉर्ड त्यांनी घेतली ह्यूस्टनला. जहाज धान्य भरायला थांबलं होतं आणि चीफ गावात लोकरी मोजे शोधत फिरत होते. मोज्यांच्या दुकानाशेजारी जुन्या रेकॉर्डांचं दुकान. काचेत ही ठेवलेली. कव्हरवर बुवा गिटार घेऊन उभे, आणि त्यांच्या मागे अ‍ॅम्प्लिफायर, मागचं झाकण काढलेलं, आतले व्हॉल्व्ह उघडे.

"मी म्हटलं, हा माणूस झाकण लावत नाही. म्हणजे ह्याचं यंत्र चालू राहतं ते ह्याच्या स्वतःच्या हातानं. आपल्यातला आहे." मोजे राहिले.

बुवा गाण्यांच्या मध्ये श्रोत्यांशी बोलतात, आणि चीफ ते बोलणं पाहुण्यांसाठी मराठीत सांगतात. हे सांगणं मूळ बोलण्यापेक्षा बरंच लांब असतं. बुवा दोन शब्द पुटपुटतात, चीफ म्हणतात, "बुवा म्हणतायत, मंडळी, माझी बायको मला सोडून गेली. सकाळी गेली. जाताना गाडी घेऊन गेली, आणि गाडीत माझा पेटीचा डबा होता." तो डबा कुठून आला हे विचारायचं नाही. एकदा मी विचारलं, की प्रत्येक गाण्यात बायकोच कशी सोडून जाते? चीफ म्हणाले, "वहिनी, अभंगात प्रत्येक वेळी विठोबाच कसा येतो?" मी ग्रंथालयात पुस्तकांचं वर्गीकरण करण्यात आयुष्य घालवलेली बाई. या प्रश्नाचं उत्तर कुठल्या विभागात शोधावं ते मला अजून कळलेलं नाही.

रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला तो प्रसंग आहे, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. बुवा एका लांबलचक, संथ गाण्यात अगदी शिगेला पोचतात आणि त्यांच्या गिटारची तार तुटते. 'टंग' असा आवाज येतो. पखवाजवाला क्षणभर चुकतो. कोरसमधली एक बाई किंचाळते. पण बुवा थांबत नाहीत. उरलेल्या तारांवर ते गाणं पार नेतात, आणि नेताना असं काही वाजवतात की सगळी खोली ओरडायला लागते. त्या जागेच्या अलीकडे चीफ बोट वर करतात. "वायच थांबा," म्हणतात. वायच म्हणजे जरासं. "वायच थांबा. आता तुटतली." आणि तुटली की मांडीवर थाप: "मशीन बंद केल्याशिवाय दुरुस्ती! असो चीफ होऊक होयो!"

श्रीकांत गेला त्यानंतरच्या तिसऱ्या की चौथ्या रविवारी माझी बेल वाजली. चीफ दारात उभे. पांढरा शर्ट, भांग पाडलेला. ते आत आले नाहीत, बसले नाहीत, चार शब्द सांत्वनाचे बोलले नाहीत. म्हणाले, "वहिनी, सेकंडचा वॉच रिकामा आहे. खालची बाई ओरडतेय. या." आणि लिफ्टकडे चालायला लागले.

मी वाचनाच्या खोलीत 'शांतता राखा' ही पाटी स्वतःच्या हातानं लावणारी. मला ब्लूज कळत नव्हता. पण बटण सांभाळायला संगीत कळावं लागत नाही. मी गेले, बसले, बेल वाजली की आवाज बंद केला, माणूस गेला की वाढवला. पुढच्या रविवारीही गेले. मग जातच राहिले. मधे एका रविवारी मला ताप होता, तर चीफ दारात येऊन म्हणाले, "वॉचवर बदली माणूस नाही. सुंठ घेऊन या."

आता या दिवाळीची गोष्ट.

चीफची मुलगी रेवती वन-नॉर्थला एका प्रयोगशाळेत संशोधक आहे. बापाच्या कानाला यंत्र लागावं म्हणून ती किती दिवस भांडत होती. चीफ ऐकत नव्हते. दोन्ही अर्थांनी, असं ती म्हणायची. त्यांचं म्हणणं एकच. कानातल्या यंत्रातून बुवा डब्यात बसून वाजवल्यासारखे ऐकू येतील, आणि त्यापेक्षा डाव्या कानात उरलेलं आहे ते बरं. शेवटी चीफनीच पैज मांडली.

"दिवाळी पहाटेला चार माणसांदेखत बुवांची तार तुटताना मला ऐकू आली, तर यंत्राचं नाव काढायचं नाही. नाही आली, तर तू म्हणशील ते कानात घालीन."

"स्क्रूड्रायव्हर चालणार नाही," रेवती म्हणाली.

"नको."

"रेकॉर्डकडे पाठ करून बसायचं. डोळे मिटून. तुटली की हात वर करायचा."

"म्हणजे बापाला कोर्टात उभा करतेस."

"बसवतेय, बाबा."

एवढी संशोधक मुलगी, पण बापाला रेकॉर्ड पाठ असणार हा मुद्दा तिच्या लक्षात आला नाही. की आला होता, कोण जाणे.

मराठी माणसाला दिवाळी पहाट म्हणजे पहाटेचं गाणं. चीफच्या घरी ती दरवर्षी होते, फक्त गाणारे टेक्ससचे असतात. सिंगापुरात सूर्यच सातच्या सुमाराला उगवतो, त्याला चीफचा इलाज नाही, पण त्यामुळे शेजाऱ्यांना झोपेचं कारण देता येत नाही. सगळ्यांनी अभ्यंगस्नान करून, कपडे करून यायचं. आल्यावर उटण्याचा वास मारत स्क्रूड्रायव्हर घेऊन बसायचं. फराळ दुसऱ्या बाजूनंतर.

यंदा विद्यापीठात संशोधन करणारा निखिल आपल्या आईला घेऊन आला होता. त्या पुण्याहून नुकत्याच आल्या होत्या. मुलानं 'दिवाळी पहाट आहे' एवढंच सांगितलेलं. मोतिया रंगाची रेशमी साडी, नाकात नथ, केसात अबोली. हातात स्क्रूड्रायव्हर आल्यावर त्यांनी तो आधी कपाळाला लावला. त्यांना वाटलं, पूजेचा असेल.

"भूपाळी कोण गाणार आहे?" त्यांनी विचारलं.

"बुवा," चीफ म्हणाले.

"घराणं?"

"टेक्सस."

निखिलची आई गंभीरपणे मान हलवून म्हणाल्या, "ऐकलं नाही कधी. नवीन दिसतंय."

निखिल खिडकीबाहेर बघत होता. त्याचे खांदे हलत होते.

पहिली बाजू थाटात झाली. बुवांची बायको तीनदा सोडून गेली. निखिलच्या आईंनी हातावर ताल धरला, तो दुसऱ्या गाण्यापर्यंत जमला, आणि त्या माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "शब्द कळत नाहीत, पण माणूस लयीला पक्का आहे." मग चीफ उठले. खुर्ची उलटी फिरवली, प्लेअरकडे पाठ करून बसले, हात मांडीवर ठेवले. रेवती त्यांच्यासमोर उभी राहिली. मी सुई ठेवली आणि बटणाशी बसले.

चीफनी डोळे मिटले.

गाणं संथपणे सुरू झालं. खोलीत कोणी हलत नव्हतं. पैज गमतीची होती, पण आता गंमत वाटत नव्हती. रेवती ओठ चावत होती. तिला बाप हरायला हवा होता आणि हरायला नकोही होता, दोन्ही तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. चीफच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर ताल देत होती. बुवा हळूहळू वर चढत होते. जागा जवळ आली होती, आता मलाही ती ओळखता येते.

आणि दाराची बेल वाजली.

माझा हात आपोआप गेला. इतक्या रविवारांची सवय. मी बटण फिरवून आवाज पूर्ण बंद केला. निखिलनं दार उघडलं. लिम आंटी, केळीच्या पानात गुंडाळलेल्या कुएहचं, इथल्या तांदळाच्या मिठाईचं, ताट घेऊन. "हॅपी दीपावली! व्हाय एव्हरीबडी सो क्वाएट?"

आम्ही सगळे चीफकडे बघत होतो.

चीफची बोटं मांडीवर ताल देत होती.

खोलीत पंख्याशिवाय आवाज नव्हता. रेकॉर्ड मुकी फिरत होती. चीफनी किंचित मान तिरकी केली, बोट वर केलं. "वायच थांबा," ते पुटपुटले. लिम आंटी ताट घेऊन दारातच थांबल्या. चीफचा चेहरा खुलत गेला, आणि त्यांनी झेंडा उभारावा तसा हात ताठ वर केला.

"तुटली! आयकलात? रेवती, तुटली!"

मी घाईघाईनं बटण फिरवलं. कोरसमधली बाई किंचाळत होती. पखवाजवाला चुकून सावरत होता. अगदी ती जागा. रेसभरही इकडे तिकडे नाही.

पहिली टाळी निखिलच्या आईंनी वाजवली. त्यांना पैज माहीत नव्हती. त्यांना वाटलं, असंच ऐकायचं असतं. मग निखिलनं वाजवली, मग लिम आंटींनी ताट टेबलावर ठेवून वाजवली. चीफ वळून सगळ्यांना नमस्कार करायला लागले. रेवतीनं बापाला घट्ट मिठी मारली, त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं आणि डोळे पुसत बाल्कनीत गेली.

चीफ जिंकले नव्हते. आणि ते कसे हरले हे त्यांना सोडून, पैज ठाऊक असलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

मी फराळाची ताटं भरायला स्वयंपाकघरात आले. मागोमाग चीफ आले, चकल्यांचा डबा काढायला. मी ओट्याकडे तोंड करून विचारलं, "चीफ, कधीपासून?" उत्तर आलं नाही. मी वळले आणि पुन्हा विचारलं. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. इंजिन-रूममध्ये कोणालाच ऐकू येत नाही, तिथे सगळे ओठ वाचून बोलतात. मला हे श्रीकांतनंच सांगितलं होतं. इतके दिवस आमच्याशी गप्पा मारणारे चीफ आमची तोंडं वाचत होते.

"आवाज बंद होता ना?" त्यांनी उलट विचारलं.

"बेल वाजली होती. तुम्हाला कसं कळलं?"

"टाळ्या उशिरा आल्या. सुई टेकली ते रेवतीच्या तोंडावर दिसलं, पुढचं सगळं पाठ." ते चकल्या मोजल्यासारखं करत राहिले. "बोलणं येतं अजून, समोरून, थोडं. बुवा गेले. गेल्या गणपतीच्या आधीच गेले. एका रविवारी लावली, आणि नुसता पखवाज. पुढच्या रविवारी तोही नाही."

गेल्या गणपतीच्या आधी. म्हणजे मी वॉचवर जायला लागले त्यानंतर थोड्याच दिवसांनी.

"मग दर रविवारी लावायची कशाला?" मी विचारलं. "आम्हाला बोलवायचं, मला बटणाशी बसवायचं, ताप असला तरी ओढत न्यायचं. तुम्हाला तर काहीच ऐकू येत नव्हतं."

चीफनी डबा ओट्यावर ठेवला.

"वहिनी, जहाज कधी कधी बंदरात महिनोन् महिने उभं असतं. माल नाही, हुकूम नाही. इंजिन बंद. पण चीफला सुट्टी नसते. ते बंद इंजिन रोज वायच फिरवावं लागतं. एक लहान मोटर असते, ती लावायची, तेल सोडायचं आणि एक-दोन फेरे द्यायचे. कुठे जायचं नसतं. पण नाही फिरवलं तर जागच्या जागी धरतं. मग पुढे हुकूम आला तरी हलत नाही." त्यांनी झाकण घट्ट लावलं, पुन्हा उघडलं. "सेकंड गेल्यावर मी रेवतीला विचारलं, वहिनींचं काय करायचं. ती म्हणाली, त्यांना वेळ द्या बाबा. वेळ मला देता येत नाही. मला फिरवता येतं."

बाहेर निखिलची आई लिम आंटींना चिरोट्याला किती पदर असतात ते मराठीत समजावत होत्या, आणि आंटी "कॅन, कॅन" करत मान डोलवत खात होत्या.

मी पदर डोळ्यांना लावला. चीफनी सभ्यपणे दुसरीकडे, फ्रिजकडे बघितलं.

"रेवती म्हणेल ते यंत्र घालीन आता," ते फ्रिजला म्हणाले. "डब्यात तर डब्यात."

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, म्हणजे त्यांना माझे ओठ दिसतील.

"मग रविवार बंद करायचे का?"

"का? तुम्ही सुरू झालात?"

मी थोडा विचार केला. खोटं बोलून उपयोग नव्हता, ते ओठांवरून वाचत होते.

"अजून नाही."

"मग झालं तर," चीफ म्हणाले, आणि चकल्यांचं ताट घेऊन बाहेर गेले.